सोमाचं नाव आणि अग्नीचं सरोवर

बाई, तुम्हाला जाऊन सतरा दिवस झाले, तरी संध्याकाळी सहाच्या सुमारास मी अजून तुमचा चष्मा पुसते. वाचायची मी, पण चष्मा तुम्ही लावून बसायचात. पहिल्याच दिवशी मी विचारलं होतं, दिसत नाही तर चष्मा कशाला? "चष्म्याशिवाय मला नीट ऐकू येत नाही," तुम्ही म्हणालात. हसावं की नाही हे न कळून मी पुस्तकात बघत राहिले. "हसलीस तरी चालेल," तुम्ही म्हणालात. "दिसणार नाहीच मला."

आईने तुमची खोली बघितली तेव्हा ती बाबांना म्हणाली होती, "ख्रिश्चन आहेत, पण मास्तरीण होत्या." त्या 'पण'वर आमच्या घरी सगळं ठरलं. माझी नोकरी मोखाड्याच्या पंचायत समितीत, कंत्राटी, दिवसभर संगणकावर नावं भरायची. जव्हारहून रोज जीपने ये-जा करून मला उलट्या व्हायच्या. तुम्ही आईला म्हणालात, खोली देते, पण मुलीने रोज तासभर मला इंग्रजी पुस्तक मराठीत सांगायचं. आई खूश झाली. इंग्रजी शाळेत घातल्याचा पहिल्यांदाच कुणाला तरी उपयोग होत होता.

ते पुस्तक वीटभर जाडीचं होतं. बायबलच्या शेवटच्या भागावर, प्रकटीकरणावर, कुणा परदेशी पंडिताने लिहिलेला अर्थ. मला त्यातलं काहीच माहीत नव्हतं. एका बेटावर राहणाऱ्या योहानाला दिसलेले सात शिक्के, सात कर्णे, रागाने भरलेल्या सात वाट्या, चार रंगांचे घोडे, समुद्रातून वर येणारं श्वापद. मी पहिल्या आठवड्यात घाबरले होते. एवढ्या शांत बाई आणि असलं वाचतात! तुम्ही म्हणालात, "अगं, ही चिन्हं आहेत. मी तीस वर्षं फळ्यावर गाय काढली, फळ्याने एकदाही दूध दिलं नाही. पण पोरांना गाय कळली ना?"

रविवारी दुपारी तुमच्या पुढच्या खोलीत अकरा माणसं जमायची. पाळक महिन्यातून एकदाच यायचे, एरवी तुम्हीच धडा घ्यायचात. मी जव्हारला गेले नाही तर दाराशी, चपलांच्या बाजूला बसायचे. तिथून कधीही उठून जाता येतं. तुमच्या ते लक्षात आलं होतं, पण आत ये असं तुम्ही मला एकदाही म्हणाला नाहीत.

दाराच्या पलीकडे, पायरीवर, सोमा बसायचा. जिवलीचा नवरा. जिवली पाड्यावरून चार किलोमीटर चालत यायची आणि सोमा तिच्यासोबत. ती आत, तो बाहेर. दोन तास. आत कधीच आला नाही. त्याने पाणी घेतलं नव्हतं, म्हणजे बाप्तिस्मा, आणि घ्यायचा विचारही नव्हता. त्याच्या घरचे देव त्याच्या घरी होते. आमच्या दोघांच्या मधे एक उंबरा. सव्वा वर्षात आम्ही एकमेकांशी फार तर दहा शब्द बोललो असू. तो येताना मान हलवायचा, मी हलवायची. मला त्याच्याशेजारी बसणं सोपं जायचं.

द्राक्षांच्या घाण्याचा तो रविवार तुम्हाला आठवत असेल. देवाच्या रागाचा घाणा, त्यात द्राक्षं पायाखाली तुडवतात, असं चित्र होतं. द्राक्षाचा मळा कुणीच पाहिला नव्हता. तुम्ही समजावत होता आणि बाहेरून सोमाचा आवाज आला.

"बाय, मोहाची काढतात तसं काय?"

सगळी खोली हसली. जिवलीने डोक्याला हात लावला.

"सोमा, आत येऊन विचार," तुम्ही म्हणालात.

"नको बाय. आत बसलं का झोप येते. हितं ऐकू येतंय बरं."

"झोप येते का बिडी ओढता येत नाही?"

"दोनी," सोमा म्हणाला.

आणि मग तुम्ही घाणा सोडलात आणि नागलीची मळणी सांगितलीत. बैल कसे गोल फिरतात, कणसं कशी चुरडतात, आणि शेवटी खळ्यात काय उरतं. त्या परदेशी पंडिताची चार पानं तुम्ही चार वाक्यांत संपवलीत. मला तेव्हा वाटलं होतं, मग मी वाचते तरी कशाला? संध्याकाळी विचारलंही. तुम्ही म्हणालात, "मी चुकते तेव्हा मला अडवायला कुणीतरी शिकलेलं माणूस लागतं. म्हणून ते पुस्तक. ते मला अडवतं." हे वाक्य मी नीट ऐकायला हवं होतं.

पौषात एका सकाळी सोमा उठलाच नाही.

त्यानंतरच्या रविवारी जिवली एकटी चालत आली. आपण तेव्हा रागाच्या वाट्यांवर होतो, तिसऱ्या की चौथ्या. ती मधेच म्हणाली, "बाय, त्या पुस्तकात नावं लिवलीत म्हणता ना, शेवटच्या दिवशी उघडायचं ते. आमच्या सोमाचं नाव हाय का त्यात?"

त्या अध्यायात काय आहे हे तिथे सगळ्यांना माहीत होतं. मेलेले उभे राहतात, पुस्तकं उघडतात, मरणालाच अग्नीच्या सरोवरात टाकतात. आणि ज्याचं नाव जीवनाच्या पुस्तकात सापडत नाही त्यालाही.

"पुढच्या रविवारी सांगते," तुम्ही म्हणालात. "वर्ग मागतो तो धडा आधी."

त्या आठवड्यात मी मधली सगळी पानं सोडून तो भाग काढला. बाई, मी ते आधी मनात वाचलं. लेखकाने काहीही झाकलं नव्हतं. नाव नसलेले म्हणजे विश्वासाबाहेर मेलेले सगळे, मग ते वागायला कितीही भले असोत. आणि ती आग शेवटची आहे, तिच्यापलीकडे काही नाही. साधं, सरळ इंग्रजी. भाषांतराला अगदी सोपं.

तुम्ही चष्मा लावून बसला होता. मी म्हणाले, "लेखक म्हणतो, ज्यांनी जाणूनबुजून दुसऱ्यांना चिरडलं त्यांच्याबद्दल हे आहे. जे नुसते बाहेर राहिले त्यांच्याबद्दल इथे काही सांगितलेलं नाही. त्यांचा निवाडा देव स्वतः करेल."

"असं म्हणतो?" तुम्ही विचारलंत.

"हो."

"माणूस मोठा दिसतोय," तुम्ही म्हणालात. तुमचा चेहरा इतका सैल झालेला मी कधी पाहिला नव्हता. मला त्या वेळी लाज वाटली नाही. खूप बरं वाटलं.

रविवारी तुम्ही ते सांगितलंत, 'या विद्वानाच्या मते' असं म्हणून. जिवलीने पदर तोंडाला लावला. मला वाटलं, संपलं. पण ती ते घेऊन पाड्यावर गेली, तिथून बहिणीकडे, तिथून बाजारात. मंगळवारी पंचायत समितीत आलेल्या एका म्हाताऱ्याने मला सांगितलं, सोमाचं नाव इंग्रजी पुस्तकात छापून आलंय म्हणे. इंग्रजीत छापलेलं म्हणजे पक्कं. तिथे कुणी उलट विचारत नाही. मी मान खाली घालून नावं भरत राहिले.

त्याच शनिवारी तुम्ही म्हणालात, जिवलीला ते वाक्य पुन्हा ऐकायचंय, जसंच्या तसं काढ. मी पान उघडलं. माझं वाक्य त्या पानावर असणारच नव्हतं, आणि माझ्याही डोक्यात ते धड उरलं नव्हतं. मी म्हणाले, "ज्यांनी जाणूनबुजून दुसऱ्यांना छळलं..."

"मागच्या आठवड्यात चिरडलं होतं," तुम्ही म्हणालात. "पंडिताने मत बदललं का मधे?"

मी पान उगाच मागे उलटलं.

"केतकी, मी तीस वर्षं पोरांची वाचनं ऐकलीयत. वाच. आहे तसं."

मी वाचलं. आहे तसं. वाचून झाल्यावर तुम्ही चष्मा काढून मांडीवर ठेवलात. मला ओरडा हवा होता. तुम्ही चहा ठेवायला उठलात, भिंतीला हात लावत, आणि स्वयंपाकघरातून म्हणालात, "उद्या रविवार. मला ते परत घ्यावं लागेल."

मी किती बोलले त्या संध्याकाळी! एरवी आठवड्याला जेवढं बोलते तेवढं. काय मिळणार आहे खरं सांगून? ती बाई चार किलोमीटर एकटी चालत येते. तिला एवढंच तर हवंय. कोण जाणार आहे ते पुस्तक तपासायला?

"मी," तुम्ही म्हणालात. "आणि तुझं मराठी इतकं इस्त्रीचं, घडी मोडेल म्हणून तोंड उघडत नाहीस. आज बघ कशी बोलतेयस. एवढं वाटत होतं तर तेव्हाच म्हणायचं ना, बाई, यात असं लिहिलंय आणि मला ते पटत नाही. मी ऐकलं नसतं का?"

ऐकलं असतं. पण 'मला पटत नाही' असं मी कुणाला कधी म्हटलं होतं, बाई? शाळेत नाही, घरी नाही. दुसऱ्याच्या पुस्तकामागून बोलणं मला जमत होतं.

रविवारी तुम्ही उभं राहून सांगितलंत. "मागच्या वेळी मी जे विद्वानाचं म्हणून सांगितलं ते त्याचं नाही. त्याने उलटं लिहिलंय. चूक माझी आहे. शिकवण्याआधी तपासणं हे शिक्षकाचं काम."

माझं नाव तुम्ही घेतलं नाहीत. मी चपलांशेजारी बसले होते आणि उठून फक्त एक वाक्य बोलायचं होतं. मी नाही बोलले. जिवली उठली, माझ्या पायांवरून तिचा पदर गेला, आणि ती रिकाम्या पायरीवरून उतरून निघून गेली. बाकीचे तुमच्याकडे कसे बघत होते ते तुम्हाला दिसलं नाही. मला दिसलं. यासाठी मी तुमची माफी मागितली नाही. आज मागते.

पुढचे रविवार ती आलीच नाही. चैत्रात तुम्ही म्हणालात, चल. मला वाटलं जीपने फाट्यापर्यंत आणि मग थोडं. तुम्ही काठी घेतलीत, माझ्या खांद्यावर हात ठेवलात आणि पूर्ण चाललात. जिवली जेवढं चालते तेवढं. वाटेत तीनदा बसलात. प्रत्येक वेळी म्हणालात, तू दमलीस म्हणून बसतेय.

जिवली राब भाजत होती. भाताचं रोप जिथे करायचं तो तुकडा, त्यावर पालापाचोळा, शेण, तोडलेल्या फांद्या पसरलेल्या, आणि कडेने लावलेली आग. जव्हारमध्ये वाढूनही मी हे फक्त जीपच्या खिडकीतून पाहिलं होतं. धूर आमच्या अंगावर येत होता. जिवलीने आम्हाला पाहिलं आणि काठीने पाला ढकलत राहिली.

"जिवले, काय करतेस?" तुम्ही विचारलंत.

"दिसत नाय काय?" ती म्हणाली. मग जीभ चावली.

"नाही दिसत. वास येतोय. सांग."

"राब भाजते."

"कशाला?"

"आता हे बी शिकवू काय मास्तरणीला? रोप करायचंय. तण जळतं, किडा जळतो. मंग रोप बरं येतं."

"आणि वरचा माळ? तो भाजलास?"

"तो कशाला भाजू? तिथं काय पेरायचंय? पाला फुकट येतो काय?"

तुम्ही काठीवर दोन्ही हात ठेवून उभ्या राहिलात. "मग ऐक. त्या पंडिताने लिहिलंय की ती आग शेवटची आहे. तो माझ्यापेक्षा खूप शिकलेला आहे. पण त्याने राब भाजलेला नाही. तू भाजतेस. जिथं पेरायचं असतं तिथंच माणूस आग लावतो, हे मला तुझ्याकडून कळतंय. देवाला तुझ्यापेक्षा कमी शेती येत असेल असं मला वाटत नाही. हे पुस्तकातलं नाही. हे माझं आहे. चुकीचं निघालं तर वर गेल्यावर मी भोगेन."

आग कडेला सरकत होती, ती जिवलीने फांदीने झोडून आत घातली. मग घरात जाऊन तुमच्यासाठी पाणी आणलं, आणि माझ्यासाठीही. "पोरीचं तोंड लाल झालंय," म्हणाली.

येताना मात्र आपण फाट्यावर जीपची वाट बघत बसलो. आणि मी भांडले. मी म्हणाले, मजकुरात सरोवर आहे, शेत नाही. दुसरं मरण असं लिहिलंय, दुसरं पीक नाही. तुम्हीही वाकवलंतच की.

"वाकवलं," तुम्ही म्हणालात. "पण माझ्या नावावर. तू परक्या माणसाच्या तोंडात घातलंस. तो बिचारा तिकडे बसलाय, त्याला पत्ता नाही की मोखाड्यात तो काय काय बोलतोय."

मला हसू आलं. मग तुम्ही हळूच विचारलंत, "ते वाक्य सोमासाठी बदललंस, की तुझ्यासाठी?"

जीप आली. माणसं लटकत होती, ड्रायव्हरने तुम्हाला पुढे जागा करून दिली, मी मागे. घरी पोहोचल्यावर तुम्ही पुन्हा विचारलं नाहीत आणि मी उत्तर दिलं नाही. तेव्हापासून पाच महिने रोज संध्याकाळी आपण समोरासमोर बसलो. सोडलेली मधली पानं सगळी वाचली. घोड्यांपाशी परत गेलो. त्या मरणाच्या घोड्याचा रंग कसला, म्हणून तुम्ही मला तीन दिवस छळलंत. शेवटी स्वतःच ठरवलंत, पावसाळ्यात राहिलेल्या भाकरीवर येतो तसला. शेवटचे दोन अध्याय, नव्या आकाशाचे आणि नव्या पृथ्वीचे, तुम्ही मागे ठेवलेत. "भात कापून होऊ दे. तेव्हा माणसं मोकळी असतात." भात आता पोटरीला आलंय, कणीस बाहेर पडायचंय, बाई.

मी उत्तर देते. सोमासाठी बदललं, हे खरं. माझ्यासाठीही, कारण त्या ओळीत मी होते. विश्वासाबाहेरची, वागायला जरा बरी. पण सगळ्यात जास्त तुमच्यासाठी. पुस्तकातलं खरं वाक्य माझ्या तोंडून ऐकताना तुम्ही सोमाचा विचार कराल, आणि मग कधीतरी, कदाचित दुसऱ्या दिवशी, चहा ओतताना माझा कराल. त्यानंतर तुमचा आवाज माझ्याशी बोलताना बदलला असता तर ते मला सहन झालं नसतं. म्हणून मी तुम्हाला एक मोठ्या मनाचा पंडित बनवून दिला. आणि नाव नसलेल्यांचं काय होतं हे तर तुम्ही आधीपासून ओळखून होतात. मूळ अध्याय तुम्हाला तोंडपाठ होता. आगीचं काय आणि माझं काय, हे तुम्ही मला खोली देण्याआधीच स्वतःशी बोलला असणार. तरी तुमचा आवाज कधी वेगळा नव्हता. हे मला तुम्ही गेल्यावर कळतंय.

मागच्या रविवारी ते सगळे आले, जिवलीही. तुम्ही नाहीत हे माहीत असून आले, पुढच्या खोलीत बसले, आणि माझ्याकडे बघायला लागले. जिवली म्हणाली, "ताय, तू वाच."

मी म्हणाले, मी तुमच्यातली नाही.

"बाय म्हणायच्या तुला सगळं वाचता येतं."

मी आत गेले. पुस्तक आणलं आणि तेच पान काढलं. मी जिवलीला सांगितलं की तेव्हा खोटं बाईंनी सांगितलं नव्हतं, मी सांगितलं होतं, आणि बाईंनी ते स्वतःवर घेतलं तेव्हा मी इथे दाराशी बसून ऐकलं. मग मी तो परिच्छेद आहे तसा वाचला, शेवटच्या शब्दापर्यंत.

"हे त्याचं," मी म्हणाले. "आता माझं सांगते. बाईंचं राबाचं सांगणं मला सुंदर वाटतं, पण ते त्या चिन्हात बसतं का, मला माहीत नाही. आम्ही त्यावरून भांडलो होतो आणि ते भांडण राहिलं. मला एवढंच वाटतं की दर रविवारी दोन तास बायकोसाठी पायरीवर बसणाऱ्या माणसाचं नाव कुठल्याच पुस्तकात नसेल, तर ते पुस्तक मला पटत नाही. या लेखकाप्रमाणे सोमा आणि मी एकाच जागी जाणार आहोत. तसं असेल तर तसं."

बाई, मला वाटलं, आता उठतील.

जिवलीने मला निरखून बघितलं. बाजारात कापड हातात घेऊन बघतात तसं. मग म्हणाली, "बरं झालं. तो नव्या माणसात बोलत नाय. तू वळखीची हायस."

कुणीतरी हसलं, मग सगळेच. मीही. जिवलीने डोळे पुसले आणि विचारलं, पुढचं आजच वाचणार का भात कापल्यावर. मी म्हणाले, बाईंनी भातानंतर सांगितलंय.

"मंग भातानंतर," ती म्हणाली. "पर तू जायची नाय तवर."

मी जाणार नाही असं सांगितलं. मोठ्याने.